हॅलो, हॅलो, मुहर्रक

नगरपालिकेच्या सभागृहात माझी जागा
खुर्च्या संपतात तिथे, भिंतीला टेकून.
हात वर झाला की माईक नेऊन द्यायचा,
घरघरला की आवाज उतरवायचा.
एकोणीस वर्षांत मी माईकमध्ये बोललो ते एवढंच:
हॅलो, हॅलो, वन टू थ्री.

त्या दिवशी विषय होता जुना धक्का.
बुजवून तिथे गाड्या लावायच्या.
भिंतीवर नकाशा, समुद्र फिकट निळा,
धक्का त्यात आधीच नव्हता.

बद्रिया, निवृत्त मास्तरीणबाई, उठल्या.
माईक दोन्ही हातांनी धरला, गरम भांडं धरावं तसा.
पहिलं वाक्य घशातच राहिलं.
मी हळूच आवाज चढवला;
तेवढंच माझ्या हातात होतं.
मग म्हणाल्या,
या नकाशात माझ्या बापाची होडी बांधायची कडी नाही.
सभागृह हसलं.
मग हसायचं थांबलं.

निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही.
धक्का गेला. मिळाली एक उतरण,
आठ होड्यांपुरती, बत्तीस फूट,
कागदावर सूचना क्रमांक चौदा, पुढे त्यांचं नाव.

तेव्हापासून बाई रोज असरनंतर टेप घेऊन येतात,
कंत्राटदाराच्या पोरांना पुन्हा मोजायला लावतात.
पार्किंग मागणारा अब्दुलरसूल
आता त्यांना सलाम करत नाही,
पण गल्लीतला दिवा गेला
की त्यांच्याच दाराची कडी वाजवतो.
मला म्हणाल्या, बोलले नव्हते तोवर
गाव सरकारचं होतं, मी नुसती राहत होते.
आता मेली झोप लागत नाही.

मला कोणी विचारत नाही. कशाला विचारतील?
माझं राहणं दोन-दोन वर्षांनी शिक्का मारून वाढतं.
पण गुहागरकडे, आमच्या ग्रामसभेच्या रजिस्टरात
दाऊद परकार हजर असतो दर वेळी:
कोरम भरायला भाऊ माझी सही ठोकतो.
आम्ही हसायचो त्यावर.
परवा फोन करून विचारलं, कशाकशावर केलीस?
त्याला आठवेना.

काल सभा संपली. वायर कोपरावर गुंडाळत होतो,
माईक अजून कुणाच्या तरी हाताने कोमट.
बटण चालूच होतं.
हॅलो, म्हणालो.
मग वन टू थ्री न म्हणता
नाव सांगितलं, गाव सांगितलं,
सगळे बोलण्याआधी सांगतात तसं.
पुढचं सुचलं नाही.

मागे झाडू मारणारा सिल्हेटचा पोरगा
दांड्यावर हनुवटी टेकून
थांबला होता.