तासिका

बत्तीस वर्षं फळ्यावर एकच आलेख काढला:
मागणी उतरती, पुरवठा चढता,
छेदतात तिथं मजुरी.
खिडकीबाहेर विद्यापीठातले मोर
कुठल्याच रेषेला न जुमानता ओरडत.

हुपरीत पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या आक्काताईंना
विचारलं होतं, दिवसाला किती तास?
त्या म्हणाल्या, मधनं भाकरी थापते,
ते धरायचं का?
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
त्या नसलेल्या रकान्यावर
माझे तीन शोधनिबंध, एक बढती.

आज शेवटचा दिवस. शाल, नारळ,
शिपाई संपतनं आणलेली भडंगाची पुडी,
आणि सहीसाठी दिलशाद मुल्लाणीचं बिल.
माझीच विद्यार्थिनी. प्रबंध
शिरोलीच्या फौंड्रीतल्या कंत्राटी कामगारांवर.
अकरा वर्षं तासिका तत्त्वावर.
मार्चचे अठ्ठावीस तास.
तपासलेले पेपर, जिन्यात थांबून
पोरींचं ऐकून घेतलेलं रडणं
धरलेलं नाही.

सही केली. आकडा पुन्हा एकदा बेरजून पाहिला,
बरोबर होता.
मग उगाच विचारलं,
घरून येतेस कशी, केएमटीनं की चालत?

दिलशाद हसली.
कागद घडी करत म्हणाली,
"सतरावा प्रश्न, मॅडम."