उपडा पेला

युलोखियाबाई पेला उपडा धरतात,
तळाशी वहीच्या कागदाचा बोळा.
परातीतल्या पाण्यात सरळ बुडवतात.
वर काढला, तर बोळा कोरडा.

"आत कोण होतं?"
"कोणीच नाही!" सगळे.
"मग पाण्याला अडवलं कुणी?"

वर्ग गप्प. पत्र्यावर आल्तिप्लानोचा वारा.
सिसा नाकापुढे तळवा धरून बघते,
मग शेजारणीच्या नाकापुढे.

मागून सेव्हेरो म्हणतो,
"बाई, माझा मामा आरिकाचा, समुद्राकाठचा.
इथे बसमधून उतरला
आणि चार पायऱ्यांत मटकन बसला.
म्हणाला, तुमच्याकडे हवा कमी.
बाकीची कुठे गेली?"

बाई हसत नाहीत.
त्याही दम खातच बोलतात, इतकी वर्षं.
"खाली. तिलाही वजन असतं, बाळा,
एकीच्या अंगावर दुसरी रेलून बसते.
आपण ढिगाच्या शेंड्यावर."

शाळा सुटली. सेव्हेरो
प्लास्टिकची पिशवी फडफडवत पळाला,
फुगली तशी गच्च गाठ मारली.

चुन्योच्या पोत्याशेजारी टांगली आहे.
मामा परत आला की
त्याला थोडी जास्तीची लागेल.
रोज सकाळी दाबून बघतो,
आहे ना.