चोपन्न भोकं

कावालाच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर
पागोनाबाईंचे अकरा डबे:
ऑलिव्ह तेलाचे, खारवलेल्या चीजचे,
एकावर निळं जहाज अजून शाबूत.
बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं, पाच-पाच.

खाली थ्रासोस. त्याचे पांढरे शर्ट.
पाणी घातलं की तांबूस थेंब नेमका कॉलरवर.
एप्रिलात तो जिना चढून आला, ओरडला,
आणि बाईंनी काही न बोलता
बाटल्यांची बुचं कापून भोकं बुजवली.

मी समोर राहते. मला सगळं दिसतं.
आधी पार्सली पिवळी पडली.
मग बारीक पानांची तुळस, चेंडूसारखी गोल,
मान टाकून बसली. बाईंना वाटलं, तहानली.
आणखी पाणी घातलं.
मुरायला जागा कुठे होती?
मी इथून हाक मारून सांगितलं, तळाशी खडे घाला.
खड्यांनी काय होतं!
चिखल चार बोटं वर सरकला, इतकंच.
टोमॅटो उपटला तेव्हा मुळं काळी;
शिळ्या फुलदाणीचा वास
रस्ता ओलांडून माझ्या कॉफीपर्यंत आला.

थ्रासोसलाही आला असणार.
रविवारी त्याची दोरी हातभर आत सरकलेली,
आणि कठड्याच्या कडेला,
जिथे पूर्वी थेंब पडायचा तिथेच,
मातीने भरलेला एक डबा,
पुदिन्याची काडी खोचलेला.

बाईंनी वाकून पाहिलं. बराच वेळ.
मग जहाजाच्या डब्याचं एक बूच उपसलं.
एकच.

उरलेल्या चोपन्नांचं
सोमवारी बघू, असं तोंड करून
आत गेल्या.