नऊ ब्लाइंड

रात्रीचा पाऊण. स्वान्सीच्या किनाऱ्यावरच्या या क्लबात
गालिच्याला गेल्या वर्षीच्या बिअरचा वास.
बाहेर ओहोटी : समुद्र इतका मागे सरकलाय
की खडकांना वाटावं, आता काही तो परत येत नाही.
इथे मात्र नुसती भरती.
दर वीस मिनिटांनी घंटी वाजते, ब्लाइंड वाढतात,
आणि मी एकही पान न खेळता
घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत बुडत जाते.

टेबलावर नऊ जण. पैसे आठांना.
एमरिसकडे दोन ब्लाइंड उरलेत.
बोटीवरून निवृत्त झालेला, पेरं सुजलेली
(एक्सरे न काढता सांगते, संधिवात),
आपल्या चार चिप्स तो एकावर एक रचतो,
मोडतो, पुन्हा रचतो,
लहान मूल नको असलेल्या भाताशी खेळतं तसा.
सगळे त्याच्या जाण्याची वाट बघतायत,
अगदी सभ्यपणे.
ग्लिनिसने त्याला पुदिन्याची गोळीसुद्धा दिली.

मीही बघतेय. खोटं कशाला बोलू.

मघाशी सत्तीची जोडी आली होती.
तेव्हा चौदा होते माझ्याकडे.
मी ती पालथीच सरकवली,
म्हटलं, याहून बरं काहीतरी येईल.
आलं ते असं : दुर्री-नव्वी, तिर्री-अठ्ठी,
चौकटची राणी आणि तिच्याशी अबोला धरलेली चव्वी.
थांबायलाही भाडं पडतं.
ते मागायला कुणी दारात येत नाही,
आपल्या पुढ्यातून आपोआप उचललं जातं.

मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये
शालनमावशी एक्का शेवटपर्यंत दाबून ठेवायची
आणि त्याच एक्क्यावर तिला झब्बू बसायचा.
आम्ही पोरं हसायचो.

"मी निघून जाईन" या वाक्याला
एकेकाळी धाक होता.
तेव्हा बोलले असते, तर श्रीरंगचा कप
बशी आणि ओठ यांच्यामध्ये थांबला असता.
मी धरून ठेवलं. महिन्याच्या महिन्याला भाडं देत.
चोविसाव्या वर्षी म्हणाले, तेव्हा त्याने विचारलं,
हा गुलाबी पिशव्यांचा आठवडा की हिरव्या?
तेवढ्याशा चिप्सना कोण घाबरणार.

आता बटण माझ्यापुढे.
र्‍होड्रीने पानं सोडली, त्याचा मनोरा हनुवटीला टेकलाय.
एमरिसनेही सोडली.
उरले दोघे, ग्लिनिस आणि टुडुर.
दोघांकडे माझ्याहून थोडं जास्त,
दोघांना पैसे घेऊनच घरी जायचंय.

दिवसभर मी माणसांच्या आतलं बघते,
इथे पानांच्या निळ्या नक्षीपलीकडे काही दिसत नाही.
पण "श्वास रोखून धरा" हे मी रोज चाळीस वेळा म्हणते,
कुणी न सांगता रोखलेला श्वास
मला ओळखू येतो.

हातात किलवरचा राजा, बदामची छक्की.
भारी नाही. निम्मंसुद्धा भारी नाही.
पण नऊ आहेत. चारावर आले
की ही दोघं हसतहसत पानं उलटतील.
नऊला अजून जरा डंख आहे.

"ऑल-इन."
आवाज घोगरा निघाला,
आणि चिप्स एका ढकलण्यात गेल्या नाहीत,
दोनदा हात लावावा लागला.

ग्लिनिसने पानांचे कोपरे उचलले. ठेवले. पुन्हा उचलले.
एमरिसच्या चार चिप्सकडे बघितलं.
मग सोडलं.
टुडुरने तर जांभई देतादेता सोडलं.

झालं एवढंच. कुणी उठलं नाही, काही उलटलं नाही.
राजा आणि छक्की पालथेच ढिगात गेले,
काय होतं ते कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
नऊचे साडेदहा झाले.

तेवढ्यात घंटी. ब्लाइंड वाढले.
साडेदहाचे जेमतेम आठ.
मी पुढची पानं उचलली.