चार मिनिटं

नवी पेठेतला मल्लिनाथ म्हणतो,
तोच स्क्रीन, तोच कीबोर्ड,
फक्त आतला प्रोसेसर भारी.
चौदा हजार जास्त.

टॉवेलवरच्या मोरांची डिझाईन उघडायला
साध्यावर सात मिनिटं,
भारीवर तीन.
म्हणजे चार मिनिटांचे चौदा हजार.

घरी सांगितलं. अम्माच्या मांडीवर सूप, हातात कात्री.
"चार मिनिटांत माझ्या आठ विड्या होतात,"
म्हणाली, आणि नववी वळली.

शेजारच्या मागाला काय त्याचं?
मोर आज मिळो, उद्या मिळो,
तो आपल्याच चालीनं विणणार,
वीज असेल तोवर.

पण कारखानदार फोनवर विचारतो, झालं का?
आणि मी म्हणतो, लोड होतंय.
दिवसातून वीसदा.
वीस गुणिले चार. अम्मानं तोंडीच केलं.
"भारीच घे. थांबायची मजुरी
मला तरी कुणी दिली नाही कधी."

दुकानात दोन्ही मशीन शेजारी लावले.
साध्यावर आधी चोच आली, मग तुरा,
मग कितीतरी वेळानं मान.
भारीवर मी बघेपर्यंत
मोर येऊन उभा.

खिशातून पाकीट काढलं.
नोटांना तंबाखूचा वास.
मोजल्या.
मल्लिनाथ थांबला होता.
पुन्हा मोजल्या.