बारदान वजा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
पहाटे साडेचारला गाड्या लागतात.
मी गाळ्याच्या तोंडाशी स्टुलावर बसून
आवक लिहितो: गाडी नंबर, गोणी, वजन,
आणि शेवटच्या रकान्यात
बारदान वजा.

एकोणीस वर्षं हेच अक्षर.
गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी
पेन उचललं आणि हात तिथेच राहिला.
कुणीतरी छातीवर गोणी टेकवून
उतरवायचं विसरलं होतं.
रडू नाही, दुखणं नाही, नुसता भार.
कोपरखैरण्याच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या.
त्या घेतो. झोप लागते.
जाग आली की गोणी जागेवर.

सर्जेराव शेडगे, टोळीतला सगळ्यात जुना,
मेढ्याकडचा, खांद्यावर हुकाचा व्रण,
पहिल्या वजनाआधी काट्याच्या रिकाम्या पत्र्याला
हात लावून कपाळाला लावतो.
मला वाटायचं, धंद्याला नमस्कार.
त्या दिवशी विचारलं.
"धंद्याला न्हाय," म्हणाला, "रिकाम्याला.
काल मणामणानं तोललं,
ह्याच्यावर ऱ्हायलंय का त्यातलं काय?"

मग माझ्याकडे बघत राहिला.
काय झालं, असं विचारलं नाही.
शेजारच्या गोणीवर टेकला,
कटिंगमधला अर्धा चहा मला दिला.
"दिवाणजी, समद्या जगाचं बारदान वजा करता.
सोताचं कंदी केलं?"

त्या रात्री सेक्टर सहाच्या खोलीत
भिंतीला पाठ लावून बसलो.
वरच्या मजल्यावर मिक्सर चालू होता.
देवाचं नाव घ्यावं, तर
आमचं फारसं बोलणं नव्हतं.
म्हणून हिशेब मांडला.
आई गेली. हा माल.
तिच्या शेवटच्या फोनला मी "नंतर करतो" म्हणालो.
हाही मालच, खोटं कशाला लिहू.
पण पुरुषासारखा पुरुष असून,
लोक काय म्हणतील,
मी पहिल्यापासून असाच, आता कायम असंच,
हा सगळा ताग. सुतळी. दाभणाची शिवण.

उसवत गेलो.
माल किलोभरही कमी भरला नाही.
फक्त त्याला हात घालता आला.
कांदाच होता. तीनच्या सुमाराला
डोळ्यांनी आपलं काम केलं.
नंतर दोन श्वासांच्या मधे
काटा जरासा थांबल्यासारखा वाटला.
तिथे कोण असतं, मला माहीत नाही.
मी सर्जेरावासारखा हात लावला
आणि कपाळाला लावला.

फाल्गुनात शेठजींचा निमिष
वाशीच्या घरात दार लावून बसला. सोळा दिवस.
शेठ म्हणाले, "तुम्ही जरा समजवा."
समजावण्यासारखं माझ्याकडे काय होतं?
दाराबाहेर लादीवर बसलो.
नेलेला चहा निवून साय धरली.
आतून आवाज आला, "जा तुम्ही."
"जातो," म्हटलं, आणि बसून राहिलो.
दुसऱ्या दिवशीही तेच.
तिसऱ्या दिवशी दाराशीच बोलल्यासारखं
गोणीचं सांगितलं, तागाचं, सुतळीचं,
त्या फोनचंही. ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

बराच वेळ काही नाही.
लिफ्ट दोनदा येऊन गेली.
मग अगदी खालून, तो जमिनीवर बसला असावा,
"काका, रिकामं पोतं किती भरतं?"
"कोरडं की भिजलेलं?"

पुन्हा शांतता.

"भिजलेलं."

"मग जास्त भरतं," म्हटलं. "पुष्कळ जास्त.
तेव्हा घाईनं तोलायचं नसतं.
वाळू द्यायचं. कुणीतरी शेजारी बसायचं."

दार उघडलं नाही त्याने.
खालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी
माझ्या चपलेपर्यंत आली.
दिवा होता की मोबाइल, सांगता येत नाही.
मी चहा तेवढा गरम करायला उठलो.