उपाशीपोटी

सव्वासहाला लोकमान्यनगरातली पहिली बेल.
खांद्याला बर्फाची पेटी, नाकावर मफलर.
दार उघडायच्या आधीच आतून,
"अजून चहासुद्धा घेतला नाही हं,"
आणि मागोमाग मोरीत कप ठेवल्याचा आवाज.
मी काही बोलत नाही.
ट्यूब बोलेल.

भुस्कुट्यांची शीर जुन्या दोरखंडासारखी वर आलेली.
मिल बंद झाली तरी रोज तितकीच सायकल मारतात,
गेटपर्यंत जाऊन, कुलूप बघून, परत.
ऐंशीला टेकले. बीपी माझ्यापेक्षा बरं.

टिल्लूबाईंची मात्र सापडत नाही.
डावा हात, उजवा, पुन्हा डावा.
"पाणी पिता का?"
शाळेत बायकांसाठी धड संडास नव्हता,
म्हणून अठ्ठावीस वर्षं, सकाळी सात ते दीड,
एक घोटही नाही.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
माठ चार पावलांवर आहे.
तहान अजून घंटेची वाट बघते.

स्कीम चौपन्नला सातव्या मजल्यावर एक पोरगा.
पडदे ओढलेले, लॅपटॉपवर कुठल्या तरी देशाची दुपार.
"झोपून उठल्यावर द्यायचं असतं ना रक्त?
मी तर अजून झोपलोच नाही."
मग म्हणाला, खाली कुत्रीला पिल्लं झालीत, पाच.
मग म्हणाला, लिफ्ट आज नीट चालली का.
सुई काढली, कापूस दाबला, पेटी बंद केली,
त्यानं बाही खाली केली नाही.

आता माझं सांगतो.
रात्री नऊ ते दीड मी सराफ्यात असतो,
मेव्हण्याच्या कढईवर. गराडू.
दोनदा तळायचा, वर जिरावण, लिंबू.
रात्री जाळ, सकाळी बर्फ,
मधे साडेतीन तास झोप.

रात्री ज्यांच्या हातात दोना देतो
त्यांच्यातलाच एखादा सकाळी बाही वर करतो.
परवा एकानं ओळखलं.
"अरे भिया, तुम्ही तर..."
दोघंही सुईकडे बघत राहिलो.
"रिपोर्ट सहानंतर," मी म्हणालो.
"आणि गराडू?"
"नऊपासून."
इतके हसलो की ट्यूब हलली.
त्याची साखर तीनशे बारा निघाली.
रात्री तो आला नाही. बरं वाटलं.
गर्दी ओसरल्यावर वाईटही वाटलं.

आज एक ट्यूब उरली.
रबरी पट्टा दातांत धरून मीच माझी भरली.
लेबलवर लिहिलं: विश्राम तांबट, पुरुष, एकोणचाळीस.
खाली छापलेला प्रश्न, रोज वीस जणांना विचारतो तोच:
शेवटचं कधी खाल्लं?

आठवेना.
काल रात्री तेलाच्या वासानंच पोट भरलं होतं.
त्याआधी पोहे, उभ्यानं, हेल्मेट न काढता;
ते काल की परवा?
घरी उमा ताट झाकून ठेवते.
सकाळी ते गाईपुढे जातं.
गाय मात्र वेळेवर येते.

पेन तसंच धरून कुणाच्या तरी पायरीवर बसलो.
पेटीतला बर्फ सुटत चालला होता.
समोरच्या घरात कुकर लावलेला.
एक शिट्टी झाली. दुसरी.
तिसरी होईपर्यंत उठायचं नाही, असं ठरवलं.